आठशेची पुडी

आमच्याकडं जेवायला आलेला माणूस दादर ज्वारीची भाकरी, वांग्याची भाजी असं पोटभर खातो, वरून ताक पितो, आणि हात धुता धुता मला हळूच विचारतो, "ते किरणं मारलेलं बियाणं म्हणतात, ते हेच काय? काही होत नाही ना?" खाऊन झाल्यावर विचारतो, हे विशेष. पहिल्या वर्षी मी नीट बसवून समजावायची. आता माझ्यात तेवढा धीर उरला नाही. मी उलट विचारते, तुमचा पाय मोडला तेव्हा एक्स-रे काढला होता ना, मग रात्री संडासला जाताना पायाचा उजेड पडतो का? किरण दाण्यातून आरपार जातात आणि जातात ते जातातच. आत मुक्काम करून राहायला दाणा म्हणजे काही धर्मशाळा नाही. त्यातून ही भाकरी त्या दाण्यांच्या पणतवंडांची. पण उचलली जीभ आणि लावली टाळ्याला, याला माझ्याकडं औषध नाही.

ही ज्वारी आज माझ्या खांद्याला लागते, वाऱ्यात पडत नाही, आणि तिची भाकरी आईच्या ज्वारीसारखीच गोड लागते. अजून तिचं वाण म्हणून काही झालेलं नाही, व्हायला वर्षं लागतील, आणि कदाचित होणारही नाही. तरी ती उभी आहे. ती वावरात पडायच्या आधीच संपणार होती, ते सांगते.

अमडापूरपासून थोडं आत आमचं गाव. एकत्र घर, एकत्र शेती. वडील अबोल, त्यामुळं घरातला शब्द वडिलांच्या थोरल्या भावाचा, म्हणजे मोठेबाबांचा. जमीन मला त्यांनी शिकवली. मातीचा मुटका वळून फोडायचा आणि ओल सांगायची, हे मी कॉलेजात नाही शिकले, त्यांच्या खांद्यावर बसून वावरात जायची तेव्हा शिकले. त्यांची बायको मोठीआई. त्यांना मूलबाळ नाही. दुसरी कर म्हणून घरच्यांनी फार लावून धरलं होतं म्हणे, पण मोठेबाबांनी कुणाला दाद दिली नाही. एवढं मात्र होतं, की पेरणीची पहिली मूठ आमच्या घरात नेहमी माझी आई टाकायची. लेकुरवाळीच्या हातची मूठ लागते, असा रिवाज. मोठीआई हळदीकुंकवाचं ताट घेऊन धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभी राहायची. मी लहानपणापासून हेच पाहिलं, आणि खोटं कशाला बोलू, मला त्यात काही खटकलंही नाही.

आईचं माहेर जळगाव जामोदकडचं. लग्नात तिनं भांड्यांसोबत दादरचं बियाणं आणलं होतं, राखेत घोळून, कडुनिंबाच्या पाल्यात ठेवलेलं. रब्बीची ही ज्वारी. चव अशी की नुसत्या तेलतिखटाशी दोन भाकरी जातात. पण उंची दीड माणूस. दाणा भरायच्या वेळेला वारा आला की सगळं वावर आडवं, आणि आडव्या ज्वारीत रानडुकरं शिरली की मग बोलायलाच नको. गावानं ती कधीच सोडली. सोयाबीन आणि त्याच्यामागं हरभरा, झालं वर्ष. आमच्याकडंही तेच. आई मात्र दरवर्षी धुऱ्याच्या कडेनं एक ओळ लावायची आणि बियाणं जिवंत ठेवायची. त्या एका ओळीवर घरचे लोक हसायचे.

मी कृषी कॉलेजात गेले आणि किरणांनी पिकात बदल करता येतो हे शिकले, तेव्हा माझ्या डोक्यात पहिल्यांदा काय आलं असेल तर आईची ओळ. ही ज्वारीबाई बुटकी करता आली तर! सरांना विचारलं. ते म्हणाले, करून बघ, पण तुझं तू बघ. मी आईच्या कोठीतलं बियाणं निवडून सहा पुड्या केल्या. मुंबईला पाठवल्या, तिथं यंत्रात ठेवून त्यांना किरण दिले, आणि महिन्याभरात त्या परत आल्या. प्रत्येक पुडीवर किरणांची मात्रा लिहिलेली: शून्य, शंभर, दोनशे, तीनशे, पाचशे, आठशे. शून्याची पुडी तुलनेला, तिला काहीच दिलेलं नव्हतं. दाणे मात्र सहाही पुड्यांतले सारखेच, तेच मोतीदार, टपोरे. बाहेरून बघून देवालाही फरक कळला नसता.

फरक आतला असतो. दाण्याच्या कोंबात पुढच्या सगळ्या झाडाचा नकाशा असतो, आणि किरण त्या नकाशाचे धागे मधेमधे तोडतात. दाणा ते तुटलेलं परत जोडायला बघतो. थोडं तुटलं तर जोडून घेतो, आणि जोडताना कुठं चूक झाली तर तीच चूक पुढं कधीतरी बुटकं झाड होऊन उभी राहते. माझी सगळी आशा त्या चुकीवर होती. फार तुटलं तर मात्र दाण्याचा इलाज चालत नाही. आठशेची पुडी मी मुद्दाम घेतली होती, दाण्याची सहनशक्ती कुठं संपते ते बघायला. आठशेचा दाणा उगवतो, हे लोकांना खरं वाटत नाही, पण उगवतो. आत आधीच तयार असलेलं जे काही असतं ते पाणी पिऊन फुगतं, लांबतं, आणि कोंब मातीतून अर्धं बोट वर येतो. त्याच्यापुढं नवीन घडवायचं असतं, तेवढं त्याच्यानं होत नाही. मग तो तिथंच थांबतो. मरत नाही, वाढत नाही, पंधरा-वीस दिवस नुसता हिरवा उभा राहतो.

विहिरीजवळच्या काळ्या तुकड्यातले वीस गुंठे मला द्यायचे, असं मोठेबाबांनी कबूल केलं होतं. तो तुकडा कागदावर मोठीआईच्या नावानं आहे, तुषार सिंचनाच्या योजनेसाठी कधीतरी करून ठेवलेला. पण कागद कोण बघतो, शब्द मोठेबाबांचाच. नवरात्र आठवड्यावर आलं होतं. दसरा झाला की पेरायचं ठरलं. मला तेवढ्यात कॉलेजात जाऊन कामाचा आराखडा मांडायचा होता, म्हणून मी पुड्या देवघरातल्या देवळीत ठेवल्या. उंदीर तिथं जात नाहीत. आईला बजावलं, हे माझं पेरणीचं बियाणं, मी येईपर्यंत यांना हात लावायचा नाही. म्हणजे बजावलं असं मला वाटतं. आई म्हणते, तू फक्त नीट ठेव म्हणालीस. आजही आमचं यावर एकमत नाही.

नवरात्रात आमच्याकडं घट बसतो. परडीत वावरातली माती, मधे पाण्याचं मडकं, भोवती धान्य पेरायचं. बाहेरून गहू, आतून ज्वारी. नवव्या दिवशी जे धान्य उंच, ते पीक यंदा साधणार. आमच्या जिल्ह्यात घटाचा शब्द मोठा. जळगाव जामोदकडं तर अक्षय तृतीयेला घटाभोवतीचं धान्य पाहून सगळ्या वर्षाचं भाकीत सांगतात, आणि ऐकायला कुठून कुठून लोक येतात. मोठेबाबा आमच्या गल्लीचे घट वाचणारे. घरोघर जाऊन बघतात, बोटांनी मोजतात, आणि मग कुणी काय पेरायचं ते सांगतात.

मी अष्टमीला दुपारी घरी आले. पिशवी ठेवली, पाय धुतले, देवघरात गेले आणि जागीच थांबले. गहू टीचभर उंच. आतल्या फेरातली ज्वारी अर्धं बोट. सगळी सारखी, हिरवीगार, अर्धं बोट. कोरड्या मातीनं किंवा उंदरानं असं होत नाही, ते कमीजास्त असतं. हे एका मापाचं होतं. मी देवळीत हात घातला. आठशेची पुडी उघडलेली, निम्मी रिकामी.

आईला अक्षर येत नाही, आकडे येतात. बसचा नंबर वाचते, वजनकाट्यावरचा आकडा वाचते, आणि माझ्या गुणपत्रिकेवरचे आकडे वाचता वाचता म्हातारी झाली. आमच्या घरात मोठा आकडा म्हणजे चांगलं, हे तिला मीच शिकवलं होतं. देवळीत सहा पुड्या दिसल्या. त्यातल्या एकीवर शून्य. तिनं मला सांगितलं, "शून्यवालं देवीले कसं देऊ मी? आठशेवालं दिलं. सगळ्यात हुशार तेच दिसलं मले." मी आधी हसले. खूप हसले. मग तिच्या तोंडाकडं पाहिलं आणि हसू गेलं. गेले पाच दिवस ती मनातल्या मनात देवीची माफी मागत होती, आपल्या हातून काय चुकलं म्हणून. लेकीच्या बियाण्यातलं सगळ्यात चांगलं तिनं दिलं होतं, आणि देवीनं ते घेतलं नाही, असं तिला वाटत होतं.

दसऱ्याला घट उठतो. शेजारपाजारचे लोक येतात, घटातले कोंब टोपीत खोवतात, बायका केसात माळतात. त्या दिवशी आमच्या ज्वारीचा कोंब कुणाच्या चिमटीतच येईना. लोक गव्हाचे कोंब घेऊन गेले, पण डोळ्यानं सगळं टिपून गेले. एक शेजारीण जाता जाता आईला म्हणाली, पोरीच्या जातीनं असल्या बियाण्याले हातच लावू नये, पुढं तिले लेकरंबाळं व्हायचीत. अशी तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या! या बाईचा मुलगा दिवसभर तोंडाला फडकं न बांधता फवारणी करतो, त्याच्या लेकराबाळांची तिला काळजी नाही. मी तोंड उघडणार तेवढ्यात आईनं माझा हात दाबला. सणाचा दिवस म्हणून मी गिळलं.

दुपारी लोक गेल्यावर मी मोठेबाबांसमोर बसले. सहाही पुड्या मांडल्या. सगळं सांगितलं, आईनं काय केलं तेही, कारण ते लपवून काही साधणार नव्हतं. आईच मधे म्हणाली, हाव, माहीच चूक. मी म्हटलं, शंभर-दोनशेचं बियाणं असं थांबणार नाही, चांगलं उगवेल. तीनशेचं थोडं मागं राहील, त्याच्या कणसात दाणे विरळ भरतील, पण माझं काम त्याच्यातच आहे. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. ते अडाणी नाहीत, आणि त्या दिवशीही नव्हते. त्यांनी आठशेचे चार दाणे तळहातावर घेतले, नखानं फोडून पाहिले, आणि म्हणाले, "म्हंजे तूच सांगून राह्यली का किरणानं बियानं मरते. मंग याच्यात जास्त वीष, अन् त्याच्यात कमी. वीष ते वीषच."

मी पुन्हा सुरुवात केली. मिठाचं उदाहरण दिलं, भाजीत किती आणि जखमेवर किती. औषधाचं दिलं. माझा आवाज चढला असणार, कारण वडील दारात येऊन उभे राहिले. मोठेबाबांनी पुड्या एकावर एक रचल्या आणि माझ्याकडं सरकवल्या. तिथं हरभराच पडेल, म्हणाले. मी म्हटलं, आता नाही पेरलं तर माझं वर्ष जाईल, ओल उडून चालली, आणि किरण लागलेलं बियाणं साध्या बियाण्यासारखं वर्ष वर्ष टिकत नाही. आईच्या कोठीत आता मूठभर दादर उरली आहे, परत पाठवायला काही नाही. हे सगळं त्यांना माहीत होतं.

तेव्हा ते म्हणाले, "वांझ बियानं माह्या वावरात पडनार नाही. जमिनीले वांझपन लागलं का निघत नाही."

मोठीआई तिथंच होती. ओवाळायचं ताट घासत बसली होती, राखेनं. घासायचा आवाज थांबला, तेवढ्यावरून मला ती तिथं असल्याचं कळलं. मोठेबाबांना कळलं की नाही कोण जाणे. हा शब्द तिनं उभा जन्म ऐकला, बारशाच्या घरातून आणि डोहाळजेवणाच्या मांडवातून, कधी पाठीमागं तर कधी तोंडावर. पण या माणसाच्या तोंडून कधी नाही. तोंडातून काय गेलं ते मोठेबाबांना मग कळलं, त्यांची मान खाली गेली, आणि मला त्यांची कीव आली आणि रागही आला. राग जास्त आला. माणसाच्या तोंडात एखादा शब्द इतका तयार ठेवलेला असावा की चिडल्यावर पहिला तोच बाहेर पडावा!

मोठीआईनं ताट पालथं ठेवलं. हात धुतले. पदराला पुसले. मग ती मोठेबाबांच्या समोर आली, कधी येत नाही तशी, आणि म्हणाली, "विहिरीजोळचा तुकडा कोनाच्या नावावर हाय?"

मोठेबाबांनी मान वर केली.

"कागदावरच हाय, मले माहीत हाय. पन हाय ना? मंग उद्या तिथी पोरीचं बियानं पडन. अन् पयली मूठ मी टाकीन."

आईनं माझ्याकडं पाहिलं. वडील दारातून बाजूला झाले. मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही. मोठेबाबा उठून बाहेर गेले, आणि संध्याकाळी सोनं द्यायला लोक आले तेव्हाच परत आले. त्यांनी सगळ्यांना सोनं दिलं, मोठीआईलाही. तिनं घेतलं, पण पाया पडली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघी वावरात गेलो. ओल बोटभर खाली गेली होती, पण होती. मी दोरी लावली, खुरप्यानं ओळी काढल्या, ओळीच्या तोंडाशी काडी रोवून पुडीचा आकडा लिहिला. आईनं हळदीकुंकवाचं ताट धरलं आणि धुऱ्यावर उभी राहिली, जिथं मोठीआई उभी राहायची तिथं. नारळ फुटला. मी मोठीआईसमोर शून्याची पुडी धरली. पहिली मूठ चांगल्या बियाण्याची असावी, निदान तिची तरी वाया जाऊ नये, असं माझ्या मनात होतं. तिनं पुडीवरचा आकडा पाहिला नाही, तिला आकडेही येत नाहीत.

"घटातलं कोनतं व्हतं?" तिनं विचारलं.

मी सांगितलं. ते वाढत नाही, अर्धं बोट येऊन थांबतं, त्याला कणीस कधीच येणार नाही, हेही सांगितलं.

"तेच दे," ती म्हणाली.

निम्मी उरलेली आठशेची पुडी मी तिच्या ओटीत रिकामी केली. तिनं पदर खोचला, वाकली, आणि एका ओळीत एकेक दाणा करून सगळी मूठ लावली. घाई केली नाही. प्रत्येक दाण्यावर माती ओढून बोटानं दाबली. मग ती कंबर धरून सरळ झाली, ओटी झटकली, आणि पुढच्या ओळी आम्ही तिघींनी मिळून लावल्या.

सहाव्या दिवशी मी उठायच्या आधीच ती वावरात गेलेली होती. मी पोचले तेव्हा तिच्या ओळीशी बसलेली. सगळ्या ओळी फुटल्या होत्या. तीनशेची जरा मागं, पाचशेची विरळ. आठशेचे कोंब दोनच दिवसांत अर्ध्या बोटाला आले, आणि मी सांगितलं होतं तसे तिथंच थांबले. ती रोज लोटीभर पाणी त्यांना नेऊन घालायची. आठवडा झाला तेव्हा मला राहवलं नाही. मी म्हटलं, मोठीआई, कशाला मेहनत घेतेस, हे आता इथून पुढं वाढायचे नाहीत.

"नको वाढू दे," ती म्हणाली. "उगवलं ना?"

मोठेबाबा धुऱ्यावर उभे होते. केव्हा आले ते आम्हाला कळलं नाही. त्यांनी चपला काढून धुऱ्यावर ठेवल्या, विहिरीवर गेले, आणि बादली भरून तिच्या ओळीशी आणून ठेवली.